सुटी नातवंडांची, लगबग आजीची

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले घरी येतात, दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि दुसऱ्याच दिवशी 'आता काय करू?' हा प्रश्न घरभर घुमू लागतो. दिवाळीत आई-वडिलांच्या कचेऱ्यांना जेमतेम दोन-चार दिवसांची सुटी असते. मुलांची सुटी मात्र दोन-तीन आठवडे चालते. या दोन सुट्यांमधले अंतर शहरातल्या घरात बहुधा एकच व्यक्ती भरून काढते, ती म्हणजे आजी. 'आई आहे ना, ती मुलांना सांभाळते,' असे तिच्याबद्दल सहज बोलले जाते. पण जिच्या हाताला काही ना काही करत राहण्याची सवय आहे, अशी आजी मुलांना नुसती सांभाळत नाही. कंदील, किल्ला, रांगोळी, वाती, फराळ आणि एखादी गोधडी असा भला मोठा पसारा ती या दिवसांत मांडते. तो आवरताना तिची दमछाक होते, हे खरे. परंतु कोणत्याही पुस्तकात न सापडणारे बरेचसे ज्ञान याच पसाऱ्यातून एका पिढीकडून दुसरीकडे जात असते. म्हणूनच हा पसारा नेमका कसा चालतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

उलट्या मोजणीचे वेळापत्रक

मुलांची सुटी परीक्षेनंतर सुरू होते, आजीची तयारी त्याच्या पंधरा दिवस आधी. तिचे वेळापत्रक कागदावर नसते. ते उलटे मोजलेले असते. लक्ष्मीपूजनाला अनारसे हवेत, तर तांदूळ तीन दिवस भिजले पाहिजेत, रोज त्यांचे पाणी बदलले पाहिजे, मग ते फडक्यावर निथळून, दमट असतानाच कुटून, चाळून, गूळ घालून त्यांचा गोळा आणखी चार-पाच दिवस मुरला पाहिजे. म्हणजे आठ-नऊ दिवस आधीच कामाला लागायला हवे. किल्ल्यावर वसुबारसेला हिरवळ दिसायची असेल, तर चार-पाच दिवस आधी बी पेरायला हवे. नव्या पणत्या कोरड्याच वापरल्या तर माती तेल पिऊन टाकते. म्हणून त्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून मग वाळवायच्या. कंदिलाचा कागद लावल्यावर खळ वाळायला एक दिवस द्यायचा.

एखाद्या मोठ्या कारखान्यात ज्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमतात, ते काम ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून करते. नातवंडांना यातून मिळणारा पहिला धडा काळाचा असतो. बटण दाबताच चित्र समोर येण्याची सवय झालेल्या मुलाला 'हे आज होणार नाही, तांदूळ अजून दोन दिवस भिजायचे आहेत' हे वाक्य प्रथम चमत्कारिक वाटते. मग रोज सकाळी पातेल्याचे झाकण उघडून आंबूस वास घेणे हा त्याचा उद्योगच होऊन बसतो. वाट पाहणे हेही एक काम आहे, हे त्याला असे कळते.

कामाला लावण्याची तिची युक्तीही पाहण्यासारखी असते. 'चला, बसा, शिका' असे ती कधी म्हणत नाही. ती स्वतः एखादे काम काढून बसते आणि अर्धवट ठेवून 'जरा गॅस बंद करून येते' म्हणून उठते. परत येईपर्यंत कोणी तरी त्यात हात घातलेला असतो. गनिमी कावा फक्त डोंगरातच चालतो, असे थोडेच आहे?

चोवीस काड्यांचा कंदील

बाजारात आज प्लॅस्टिकपासून कापडापर्यंत नाना प्रकारचे तयार आकाशकंदील मिळतात. पूर्वी घरोघरी होणाऱ्या कंदिलाचा सांगाडा मात्र बांबूच्या कामट्यांचा असे. त्याचा एक सोपा प्रकार असा, की वीतभर लांबीच्या, नेमक्या सारख्या मापाच्या चोवीस कामट्या घ्यायच्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधायचे. मग प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जायचे. एकूण बारा गाठी पडतात, आणि गंमत अशी की मुद्दाम न करताही चौकोनांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. वरचा चौकोन दोरी बांधण्यासाठी आणि खालचा दिवा सोडण्यासाठी उघडा ठेवला, की चार चौकोनी आणि आठ त्रिकोणी अशा बारा कागदांत कंदील पुरा होतो. खाली झिरमिळ्यांच्या शेपट्या लावल्या की झाले.

हे करताना मुलांच्या दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे मापाची किंमत. एक कामटी बोटभर लांब राहिली तरी सगळा सांगाडा वाकडा होतो, आणि तो कुठे चुकला हे शोधायला मागे जावे लागते. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. नुसता सांगाडा हातात घेतला तर तो डुलतो, पिळला जातो. कारण चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यात गाठीने बांधला तर ढकलताच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. चौकोनांवर कागद ताणून चिकटवला आणि तो वाळला, की तोच डुलणारा सांगाडा अंगात बळ आल्यासारखा ताठ उभा राहतो. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून चौकोन व त्रिकोणातला हाच फरक असंख्य मुलांना दाखवला आहे. आजीला 'भूमितीची दृढता' हे शब्द ठाऊक नसतील. 'कागद लागल्याशिवाय त्याला जीव येत नाही' एवढेच ती म्हणते. अर्थ तोच.

खळीचीही एक रीत आहे. मैदा आधी थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी असल्याने लहान मुलांचे हात जिथे लागणार तिथे तो टाळलेलाच बरा. चार दिवस टिकणाऱ्या कंदिलाला त्याची गरजही नसते.

अळिवाचा किल्ला

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची रीत ही महाराष्ट्राची खास ओळख. शहरात अंगणे उरली नाहीत, तरी सोसायटीच्या कोपऱ्यात, गच्चीत, अगदी गॅलरीतल्या पाटावरही किल्ला उभा राहतो. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज. पायथ्याशी मावळे असतातच.

इथे आजी पुढे येते ती हिरवळीच्या प्रश्नात. सपाट जागी कुठलेही बी उगवेल. पण किल्ल्याच्या उभ्या उतारावर टाकलेले धान्य पाणी शिंपडताच घरंगळून खाली येते. म्हणून ती डब्यातून अळीव काढून देते. अळिवाचे बी भिजले की त्याभोवती चिकट, बुळबुळीत आवरण तयार होते आणि ते मातीला घट्ट धरून बसते. एक-दोन दिवसांत त्याला मोड येतो आणि चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा दिसू लागतो. हिवाळ्यात नारळ-गूळ घालून ज्याचे लाडू होतात आणि बाळंतिणीला आवर्जून दिले जातात, तेच हे अळीव. स्वयंपाकघरातल्या डब्याचा वनस्पतिशास्त्राशी आणि किल्ल्याशी असा संबंध जोडून देणे फार थोड्या शिक्षकांना जमते.

किल्ला करताना पडणारे प्रश्नही मोलाचे असतात. गडावर पाणी कुठून आणायचे? दरवाजा सरळ समोर ठेवला तर शत्रूला तो लांबूनच दिसणार नाही का? मग घरातले कोणी रायगडाच्या महादरवाजाची गोष्ट सांगते. तो दोन बुरुजांच्या आड असा लपलेला आहे, की जवळ गेल्याशिवाय नजरेस पडत नाही. कोणी राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांची नावे सांगते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. रायगड आणि राजगड दोन्ही त्या यादीत आहेत. ज्याने चिखलात एकदा माची बांधली आहे, त्याला खऱ्या गडावर गेल्यावर माची दाखवावी लागत नाही.

चिमटीतली रांगोळी, तळव्यावरची वात

काही कामे अशी असतात, की ती सांगून येत नाहीत. रांगोळी त्यांपैकी एक. शिरगोळ्याची पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायची. बोटे किती दाबायची, हात किती वेगाने न्यायचा, हे हातालाच कळावे लागते. सुरुवातीला रेघेऐवजी ढिगारे पडतात. आजी ते पुसत नाही. 'पुढची रेघ बघ' एवढेच म्हणते.

ठिपक्यांच्या रांगोळीत गणितही दडलेले असते. 'अकरा ते सहा' अशी रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत अकरा ठिपके, मग वर आणि खाली दहा, नऊ, आठ, सात, सहा अशा उतरत्या ओळी. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध यायला हवा. सगळे ठिपके मोजले तर एक्क्याण्णव भरतात आणि आकार होतो षट्कोनाचा. एक ठिपका चुकला तर काठाशी पोहोचल्यावर नक्षी जुळत नाही. एरवी पाढ्यांना कंटाळणारा नातू इथे न सांगता ठिपके पुन्हा मोजतो, कारण या वेळी उत्तर चुकल्याचे त्याला स्वतःलाच दिसते.

वातींचे तंत्र याहूनही सूक्ष्म. कापसातली सरकी आणि कचरा काढून तो बोटांनी मोकळा करायचा, लांबट पेळू करायचा आणि तळव्यावर दुसऱ्या तळव्याने एकाच दिशेने वळायचा. बोटांना पकड यावी म्हणून दुधाचा हात किंवा चिमूटभर भस्म लावतात. वात फार सैल वळली तर भसाभसा जळून काजळी धरते. फार घट्ट वळली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत मंदावते. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल वर चढते, हे विज्ञान शाळेत नंतर शिकवले जाईल. त्याआधी स्वतः वळलेली वात समईत नीट जळताना पाहणे, हा आनंद वेगळाच.

फराळातला अंदाज

फराळाच्या दिवशी घरातला सर्वांत मोठा गोंधळ आणि सर्वांत मोठे शिक्षण एकाच वेळी चालते. कातण फिरवून शंकरपाळे कापणे, करंजीची कड दाबणे, सोऱ्यातून चकलीचे वेढे पाडणे ही कामे सात-आठ वर्षांच्या मुलालाही देता येतात. तळणीपाशी अर्थातच मोठ्यांनीच उभे राहायचे.

खरी अडचण असते ती मापांची. 'मोहन किती घालायचे?' या प्रश्नाला 'बेताचे' हे उत्तर मिळते, आणि नव्या पिढीला ते उत्तरच वाटत नाही. परंतु या 'बेताचे'च्या मागे कसोटी असते. पिठात मोहन चोळल्यावर मूठ वळून पाहायची. मुटका टिकला तर पुरे. चकलीत मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते, कमी पडले तर खाताना दात दुखतात. पीठ दरवर्षी सारखे नसते, तांदूळ कधी नवा असतो कधी जुना, हवेत कधी दमटपणा असतो. म्हणून ठरीव मापापेक्षा कसोटी अधिक कामाची ठरते. पहिली चकली तुटली की आजी घाबरत नाही. ती नातीच्या हातात तो तुकडा ठेवते आणि विचारते, 'सांग बरं, काय कमी पडलं?' फसलेल्या पदार्थावरून कारण ओळखणे ही पाकशास्त्रातली सर्वांत अवघड परीक्षा. तिची तयारी याच दिवसांत होते.

सुईत दोरा ओवणारे डोळे

फराळ झाला, कंदील टांगला, की दुपारी एखादी गोधडी निघते. जुन्या नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोडी अधिक लांबीची, चार पदरी थर असलेली बैठक तयार होते. रुंदीसाठी शेजारी दुसरे लुगडे जोडायचे. मग काठापासून आत, चौकटीमागून चौकट, असा धावदोरा घालत मध्यापर्यंत जायचे. घाटावरच्या गावांत हिलाच वाकळ म्हणतात. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड आणि त्याच्या थरांमध्ये अडकलेली हवा यांमुळे ती हलकी असूनही ऊबदार होते.

या कामात देणेघेणे दोन्ही बाजूंनी असते. आजीचे हात अजून टाका सारखा घालतात, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही सुईचे भोक तिला नीट दिसत नाही. दहा-बारा सुयांत दोरे ओवून ठेवणे हे काम मग नातवंडांकडे येते. ओवता ओवता विचारले जाते, 'हे निळं कापड कोणाचं गं आजी?' कधी ते पणजीचे लुगडे असते, कधी बाबांचा शाळेतला सदरा. घराचा जो इतिहास कोणी लिहून ठेवलेला नसतो, तो असा तुकड्या-तुकड्यांनी कळतो.

धागा कुठे तुटतो?

एवढे सगळे चांगले असेल, तर काळजी कशाची? काळजी अशी, की ही साखळी फार नाजूक आहे. शहरातल्या अनेक घरांत मधल्या पिढीने ही कामे शिकलेलीच नाहीत. त्यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या शालेय वयात अभ्यासाला, आणि पुढे नोकरीला, प्राधान्य होते. 'तू अभ्यास कर, मी करते' असे म्हणून त्यांना उठवणारी आईच आज आजी झाली आहे. म्हणजे ज्ञान आता मधली पायरी वगळून थेट नातवंडांकडे जायला हवे. आणि त्यासाठी वेळ फार थोडा आहे. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी मुलाचे हात काम करू लागतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकवण्यांचे वेळापत्रक त्याची सुटी ताब्यात घेते. मध्ये मिळतात त्या सात-आठ दिवाळ्या. त्याच काळात आजीचे गुडघे आणि डोळेही थकत असतात.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत तर दिवाळीला शाळेची सुटी बहुधा नसतेच. तिथल्या नातवंडांसाठी आजी फोनच्या पडद्यावर कंदील बांधून दाखवते, फराळाचे खोके पाठवते. कंदील असा शिकवता येतो, कारण तो दिसतो. चकलीच्या पिठाचा मऊपणा मात्र पडद्यातून हाताला लागत नाही.

हातांनी काम करत शिकणे हा विचार आपल्याला नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारी 'नई तालीम' मांडली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने परिसरातल्या साध्या, बिनखर्चाच्या वस्तूंतून बालशिक्षण घडवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने दीपावलीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. अमूर्त वारशाचा अर्थच असा, की तो वस्तुसंग्रहालयात ठेवता येत नाही. तो कोणाच्या तरी हातांत जिवंत असावा लागतो.

मग घरच्यांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे आजीच्या अंगावर स्वयंपाक, धुणे, पाहुणे आणि नातवंडे असे सगळे एकदम टाकू नये. शिकवायला निवांतपणा लागतो. दुसरी, ही कामे फक्त नातींची आहेत असे मानू नये. करंजीची कड दाबायला मुलगाही बसावा आणि कामट्या बांधायला मुलगीही. आजोबा आणि बाबा यांनाही पाटावर जागा असावी. तिसरी, 'बेताचे' या शब्दामागच्या कसोट्या कोणी तरी वहीत उतरवून ठेवाव्यात. नातवंडांच्याच अक्षरात असतील तर उत्तम. चौथी, आणि कदाचित सर्वांत अवघड, वाकडा कंदील दारात लावण्याची तयारी ठेवावी. मुलाने केलेला कंदील बाजूला सारून बाजारातला टांगला, तर पुढच्या वर्षी ते मूल कामटीला हात लावणार नाही.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला जातो. तोवर कागद फाटलेला असतो, झिरमिळ्या गळलेल्या असतात, शाळाही सुरू झालेली असते. अनेक घरांत तो सरळ कचऱ्यात जातो. आजी मात्र कागद सोलून काढते, सैल झालेल्या गाठी पुन्हा आवळते आणि सांगाडा माळ्यावर ठेवून देते. पुढच्या दिवाळीत तो खाली काढायला स्टुलावर कोण चढणार, हे तिने बहुधा आताच ठरवलेले असते.